बऱ्या झालेल्यांची सिस्टर

रामटेके सिस्टर लोकांच्या घरी मुद्दाम जेवणाच्या वेळेला जायच्या. आधी कळवायच्या नाहीत. आत ताटं मांडली जात असताना दारात उभ्या राहायच्या, "हाये का कोणी घरात?" असं विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत चपला काढायच्या. त्यांना न ओळखणारे मागून म्हणायचे, बाई सरकारी पगार घेते आणि जेवायला दुसऱ्याच्या घरी टपकते. हे त्यांच्या कानावर होतं. "म्हणू दे," त्या म्हणायच्या. "तोंडानं तं सगळेच बरे असतात. माणूस कसा हाये ते ताटावर बसल्यावर समजते."

त्या यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात परिचारिका होत्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी नर्सिंगच्या वरच्या पदवीला प्रवेश घेतला आणि संशोधनाला एक विषय निवडला: जठराचा, आतड्याचा कॅन्सर होऊन जी माणसं वाचली, त्यांचं पुढच्या वर्षांत काय होतं? अशी माणसं आमच्या जिल्ह्यात होती, पण ती कुठे दिसत नव्हती. ऑपरेशन झालं, केमोच्या सुया झाल्या, डॉक्टरांनी 'आता तुम्ही बरे आहात' असं सांगितलं, की दवाखान्याचा आणि त्यांचा संबंध संपायचा. बरा झालेला माणूस घरी जाऊन कसा जगतो हे पाहणं कुणाचंच काम नव्हतं. सिस्टरांनी ते स्वतःचं काम मानलं.

माझी त्यांची ओळख आमच्या छापखान्यात झाली. बाबा लग्नपत्रिकांवर घर चालवायचे आणि पत्रकांवर जगायचे. मोर्चा असो, धरणं असो, पत्रक आमच्याकडेच यायचं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि कॉलेजात गेल्यावर ती लिहायलाही लागले. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेला भाव, घराघरात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, आणि पेपर उघडला की आणखी एक नाव. मी जे लिहायचे ते रागानं लिहायचे. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही.

सिस्टर आपली प्रश्नावली छापून घ्यायला आल्या होत्या. टेबलावर माझं एक पत्रक वाळत पडलं होतं. त्यांनी ते चष्मा वर करून पूर्ण वाचलं.

"हे कोणी लिवलं?"

"मी."

"चांगलं हाये. पण पोरी, एवढ्या जोरानं बोलल्यावर समोरचा माणूस तुले काय सांगन? तो तं घाबरून हो हो म्हणन."

"हळू बोललेलं कुणी ऐकत नाही, सिस्टर," मी म्हटलं.

"कोणी ऐकावं म्हणून नाही म्हणत मी. मले त्याइचं ऐकाचं हाये." मग बाहेर उभ्या असलेल्या बाबांच्या मोपेडकडे बघून त्या म्हणाल्या, "ते गाडी तुले चालवता येते का?"

अशी मी त्यांची ड्रायव्हर झाले. मलाही गावं पाहायची होती. माझ्या लिहिण्यासाठी मला माणसं हवी होती. सुटीच्या दिवशी आम्ही निघायचो. त्या मागे बसायच्या, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर रेक्झिनची पिशवी, आणि रस्ताभर गप्प.

पहिल्यांदा गेलो ते केळापूरच्या बाजूला. एका घरासमोर गाडी लावली तर बाई दारातूनच म्हणाली, "आमच्या घरी कोणी नाही मेलं, बाई. ते घर तिकडं हाये, पिंपळाच्या मांगं. सगळे तिकडंच जाते."

त्या वर्षांत शहरातून पिशवी आणि कागद घेऊन कुणी आलं, की ते मेलेल्याच्याच घरी आलेलं असायचं. जिवंत माणसाच्या घरी यायचं कुणाला कारण नव्हतं.

"मले इथंच याचं होतं," सिस्टर म्हणाल्या. "तुमीच अनुसयाबाई न? आतड्याचं ऑपरेशन झालतं?"

"ते कवाच झालं. मी बरी हावो."

"बऱ्या हा म्हणूनच आली."

"मंग कायले आल्या?"

"जेवाले."

अनुसयाबाई हसल्या आणि त्यांनी आणखी दोन ताटं घेतली. जेवणाआधी सिस्टरांनी प्रश्न वाचून दाखवले. थकवा जाणवतो का? पोटात दुखतं का? हातापायांना बधिरपणा येतो का? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आलं: कधीच नाही. सिस्टर शांतपणे खुणा करत गेल्या. मग ताट पुढे आलं. अनुसयाबाईंच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्या भाकरीचा तुकडा चिमटीनं न तोडता मुठीत धरून ओढत होत्या. सिस्टरांनी काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी त्या बाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि चिंध्या सोडल्या. बोटांच्या टोकांना बारीक बारीक चिरा होत्या. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. कापूस वेचताना ती लागतात तेव्हा हात आपोआप मागे येतो. अनुसयाबाईंचा हात मागे येत नव्हता. पांढऱ्या कापसावर लाल ठिपका दिसला की मग त्यांना कळायचं.

"सुया घेतल्या तवापासून हाये," त्या म्हणाल्या. "मालकीण म्हणते, तुह्यानं कापूस खराब होते. मंग मी धुऱ्याकडून, बांधाच्या कडेनं येचतो. एकटीच."

"डॉक्टरले काहून नाही सांगतलं?"

"त्यानं जीव देल्ला न, बाई. आता बोटाची तक्रार घेऊन जाऊ का त्याच्यापाशी?"

परतताना मी गाडी चालवता चालवता बोलत सुटले. मालकिणीबद्दल, मजुरीबद्दल, दवाखान्यांबद्दल, सरकारबद्दल. सिस्टरांनी बरंच ऐकून घेतलं.

"ते सगळं खरं हाये," त्या म्हणाल्या. "पण तिले गरम-ठंडं समजत नाही, चुलीपाशी हात भाजन, हे आज तिले कोणी सांगतलं? तू का मी?"

"तुम्ही."

"मंग समोर पाह्य. खड्डा हाये."

त्यांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न सुरुवातीला होता, तो नंतर गळला: तुम्ही कोणासोबत जेवता? नागपूरच्या मार्गदर्शक मॅडमनी तो काढायला लावला, कारण हे लक्षण नव्हे. सिस्टर भांडल्या नाहीत. "तिचंही बराबर हाये. जे मोजता येत नाही ते त्याच्यात बसत नाही." पण घरोघरी त्या तो विचारतच राहिल्या, फक्त लिहून घेत नव्हत्या. आणि जेव्हा त्या तो विचारत, तेव्हा 'कधीच नाही' म्हणणारी माणसं पहिल्यांदा थांबायची. कुणी म्हणायचं, मी मागून बसतो. कुणी गोठ्याच्या ओट्यावर ताट नेत होतं. पुसदला एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या गुदाशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि पोटावर शौचाची पिशवी लावलेली होती. ती कधी भरेल, कधी वास येईल, याचा भरवसा नव्हता. गुरुजींनी लग्नाला, बारशाला, कुणाच्या तेरवीला जाणं सोडलं. गावात बोलायचे, गुरुजींना पेन्शनचा माज आला. गुरुजींनी ते बोलणं खपवून घेतलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा माज परवडत होता.

सिस्टरांना पंगतीबद्दल इतकं का वाटतं, हे मी एकदा विचारलं. त्या बौद्ध घरातल्या. त्यांच्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. त्या म्हणाल्या, "माही आई लहान असतानी लग्नाच्या मांडवाबाहेर बसून खात होती. लोक तिले बाहेर बसवत होते. आता हे लोक आपल्या मनानंच बाहेर जाऊन बसून राह्यले. कोणी म्हटलं नाही याइले जा म्हणून." मग म्हणाल्या, "बाहेर बसल्यावर घास कसा लागते ते आमच्या घरात माहीत हाये."

त्या स्वतः एकट्याच राहायच्या. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्यावर त्या बोलत नसत. दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये एक खाट, एक टेबल, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि स्वयंपाकघरात एकाच माणसापुरती भांडी. मी गेले की एक ताट मला मिळायचं आणि त्या वाटीत घेऊन खायच्या.

माझं त्यांचं एकदाच खरं वाजलं. या माणसांवर मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता 'वाचलेले बळी'. मला ते फार जमलंय असं वाटत होतं. सिस्टरांनी छापखान्यात उभ्या उभ्या वाचलं आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

"बळी कोण? अनुसया?"

"व्यवस्थेचा बळी, सिस्टर."

"अनुसयाले जाऊन सांगून ये, तू बळी हायेस म्हणून. चहा तरी पाजते का पाह्य."

बाबा कागद कापत होते, ते हसले. मी चिडले. म्हटलं, हे लोकांसमोर आलं नाही तर काही बदलणार नाही. त्या म्हणाल्या, "त्याइनं मले घरात घेतलं ते ताटावर. चौकात नाही. त्याइचं पोट तू चौकात नेशीन तं त्याइले विचारून ने." पत्रक छापलं गेलं नाही. मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही मी म्हणते, की गोष्टी चौकात यायला हव्यात. पण विचारून, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिलं.

मुकुटबनजवळच्या देवरावांची गोष्ट इथे सांगायला हवी. नाव मी बदललं आहे. देवराव जिनिंगमध्ये फिटर होते. उंच, सडपातळ, बोलायला खोडकर. त्यांचं जठर पूर्ण काढलेलं होतं. घरात ते फक्त त्यांच्या बायकोला, वत्सलाकाकूंना माहीत होतं. बाकी सगळ्यांना 'अल्सरचं ऑपरेशन' असं सांगितलेलं. देवराव सिस्टरांच्या सगळ्यांत जवळचे झाले, कारण तेच एक माणूस होतं जे खरं बोलायचं. गोड खाल्लं की काय होतं ते त्यांनी असं सांगितलं होतं: "सिस्टर, इंजन बिना लोडचं पळते न, तसं होते. छाती धडधड, घाम, डोळ्यासमोर अंधार. अर्धा घंटा आडवा पडलो का पुन्हा नीट." सिस्टरांनी त्यांना थोडं थोडं खायला, जेवताना पाणी न प्यायला, गोड टाळायला शिकवलं. प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण देवरावांच्या उत्तरांवर उभं राहत होतं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा दिग्रसकडचा. देवरावांची सिस्टरांकडे एकच विनंती होती. "लग्नाले या. पण कोण म्हणून आल्या ते सांगू नका. कॅन्सर म्हटलं का ते लोक म्हणतीन, पोरीच्या रक्तात हाये." सिस्टरांनी शब्द दिला. काकूंनी सगळ्यांना सांगितलं, यवतमाळची मैत्रीण आहे.

लग्न लागलं. मग व्याह्यांची पंगत बसली. आमच्याकडे दोन्ही व्याही शेजारी बसतात आणि एकमेकांना घास भरवतात. देवरावांनी आचाऱ्याला आधीच सांगून आपल्या पत्रावळीवर साधा भात आणि थोडं वरण घेतलं होतं. पण व्याही मोठा आग्रहाचा माणूस. त्यानं बुंदीचा लाडू फोडला आणि देवरावांच्या तोंडापाशी नेला. देवराव म्हणाले, "अर्धाच, व्याही." व्याही म्हणाला, "पोरगी पुरी देल्ली अन् लाडू अर्धा?" सगळी पंगत हसली. देवरावांनी अख्खा खाल्ला. मग दुसरा. मग वरून सरबताचा गिलास. समोरच्या बाजूनं सिस्टर उठायला लागल्या, पण तोपर्यंत झालं होतं.

थोड्या वेळानं ते हात धुवायला उठले आणि मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले. अंगातून घाम गळत होता. बोलता येत नव्हतं.

पहिला आवाज कुणी काढला ते मला माहीत नाही. "घेतलं यानं. औषध घेतलं." आणि एका क्षणात सगळ्यांनी तेच म्हटलं. त्या वर्षांत घामानं भिजून कोसळलेल्या माणसाचा आमच्याकडे दुसरा अर्थच नव्हता. एक जण गोठ्यामागे धावला आणि फवारणीची रिकामी बाटली घेऊन आला. मग तर कुणाला शंका उरली नाही. अशी बाटली त्या गावात कोणत्या घरी सापडली नसती? बायकांनी आकांत मांडला. कुणी मिठाचं पाणी आणलं. सिस्टर माणसांना ढकलत म्हणत होत्या, "याइनं काही नाही घेतलं, फक्त आडवं करा." त्यांना कोण विचारतो, त्या काकूंची मैत्रीण होत्या. नवरदेवासाठी सजवलेल्या जीपमध्ये देवरावांना घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. आम्ही दोघी मोपेडवरून मागे.

पोचलो तेव्हा दोघांनी त्यांचे हात धरले होते, एकानं पाय, आणि तरुण डॉक्टर पोट धुवायची नळी हातात घेऊन उभा होता. उशाशी काकू, पायाशी व्याही, डोक्यावर फेटा तसाच.

"नळी टाकू नका, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या.

"बाई, बाजूला व्हा. बाटली सापडली आहे."

"मी दवाखान्यात नर्स हावो. नळी टाकू नका."

"का नको? कारण सांगा."

सिस्टरांनी देवरावांकडे पाहिलं. ते शुद्धीवर होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी मान हलवली. एकदाच, पण अगदी स्पष्ट. सांगू नका. ते मीही पाहिलं.

"याले पोट नाही," सिस्टर म्हणाल्या. "कॅन्सर होता. सगळं काढलं. नळी जिथं जाऊन थांबते ते जागाच नाही आतमंधी. शिवलेलं आतडं हाये, ते फाटन."

डॉक्टरनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावून मान डोलावली. डॉक्टरनं नळी ट्रेमध्ये ठेवली. बाहेर आल्यावर तो सिस्टरांना म्हणाला, "इथं असा जो येतो तो त्याच कारणानं येतो. मी दुसरं काय समजणार होतो?" त्याचे डोळे किती थकलेले होते ते मला आठवतं. "तुमचं काही चुकलं नाही," सिस्टर म्हणाल्या. आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तासाभरात देवराव उठून बसले, जसे ते नेहमी बसायचे. पण व्याही त्यांच्याशी बोलला नाही. तो सिस्टरांना म्हणाला, "हे कवाचं हाये?"

"सोयरीक झाली त्याच्या आधीचं."

"आमाले अल्सर सांगतलं."

मुलगी त्याच संध्याकाळी सासरी गेली. लग्न लागलेलं होतं, परत पाठवण्याइतकी ती माणसं वाईट नव्हती. पण काही दिवसांनी काकूंकडून कळलं, की तिथे मुलीचं ताट वेगळं केलंय. ताट, गिलास, वाटी. घरातल्या सगळ्यांचं झालं, की ती स्वयंपाकघराच्या दारात बसून खाते. सिस्टर दिग्रसला गेल्या, व्याह्याला समजावलं, की हा रोग ताटानं पसरत नाही, आणि बापाचा पोरीला होतोच असंही नाही. त्यानं चहा पाजला. "तुमी शिकलेल्या हा, तुमचं खरंच असन," तो म्हणाला. "पण घरात लेकरंबाळं हायेत."

त्यानंतर आम्ही देवरावांकडे गेलो. जेवणाचीच वेळ होती. सिस्टर चप्पल काढायला वाकल्या, तर देवराव दारात येऊन उभे राहिले.

"आज आमच्याकडं जेवण नाही, बाई."

आतून फोडणीचा वास येत होता. सिस्टर सरळ झाल्या.

"तुमी माहा जीव वाचवला," देवराव म्हणाले. "मी नको म्हणत होतो ते तुमी पाह्यलं. अन् माही पोरगी आता दारात बसून खाते. एवढंच करा, माहे सगळे उत्तरं तुमच्या त्याच्यातून काढून टाका."

"काढतो, देवरावजी," सिस्टर म्हणाल्या.

परतीच्या रस्त्यावर एका पुलाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि कठड्यावर बसल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही बोलला नसता तर ते मेले असते, तुमचं बरोबरच होतं, हा अन्याय आहे.

"मेला असता का नाही ते कोणाले माहीत," त्या म्हणाल्या. "त्यानं मान हलवली, ते मले माहीत हाये."

मार्गदर्शक मॅडमनी समजावलं, प्रबंधात नाव नसतं, कुणाला कळणार नाही, सगळ्यांत पक्की माहिती त्या माणसाचीच आहे. सिस्टर म्हणाल्या, त्यांनी दिलं होतं, त्यांनी परत मागितलं. प्रकरण लंगडं झालं. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, की इथे माहिती इतकी कमी का. त्या म्हणाल्या, मिळाली नाही. पदवी मिळाली. पेढे वाटायला त्या आमच्या छापखान्यात आल्या, बाबांना एक दिला, मला एक, आणि डबा झाकून बसून राहिल्या. त्यांना आणखी कुणाकडे जायचं नव्हतं.

पुढे त्यांची पुसदला बदली झाली. मी तिकडे एकदा गेले. तिथल्या क्वार्टरमध्ये त्या ओट्यापाशी उभ्यानंच खात होत्या. म्हटलं, बसा की. "बसून कोणाले दाखवू?" त्या म्हणाल्या, आणि मला ताट वाढलं. केळापूरच्या अनुसयाबाईंबद्दल विचारलं, गुरुजींबद्दल सांगितलं. देवरावांचं नाव दोघींनीही काढलं नाही. त्यानंतर माझं लिहिणं वाढलं, मोर्चे वाढले, फोन कमी झाले. मग एका सकाळी तिथल्या एका नर्सचा फोन आला, की सिस्टर झोपेतच गेल्या.

विहारात वंदना झाली. दोन माणसं बोलली. दोघांनी त्यांना सेवाभावी म्हटलं, जो शब्द त्यांना आवडला नसता. मग बाहेर मांडवात पंगत बसली. मी ताटावर बसले, आणि शेजारी कुणी येऊन बसलं ते पाहिलं तर देवराव. मुकुटबनहून बस बदलत बदलत आले होते. केस पिकलेले. त्यांनी मला ओळखलं, मीही. वाढप्याला त्यांनी फक्त भात घालू दिला, थोडा, आणि त्यावर वरण. गोड आलं तेव्हा हातानं पत्रावळ झाकली आणि म्हणाले, "मले पोट नाही, बावा. ऑपरेशन झालं हाये." वाढप्या पुढे गेला. कुणी वळून पाहिलं नाही.

पंगत उठली. देवरावांचा भात अजून अर्ध्यावर होता. ते एकेक घास फार वेळ चावत होते.

"तू उठ, पोरी. मले टाइम लागते."

"बसते मी, काका."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "पोरगी आता त्याइच्यासंगच जेवते. झाले बरेच दिवस."

"कसं काय झालं?"

"मलेही मालूम नव्हतं. आता बाई गेल्याचं समजल्यावर पोरीनं सांगतलं. बाई पुसदवरून दिग्रसले जात होती. नेमकी जेवाच्या टायमाले. कोणाले समजावत नव्हती, काही नाही. पोरीच्या शेजारी दारात बसे, तिच्याच ताटात जेवे, अन् निंगून जाये. पुन्हा येये. त्या सासूच्या समोर. एक दिवस सासूनंच म्हटलं म्हणते, आत येऊन बसा दोघी." त्यांनी घास गिळला. "बापाले नको सांगजो, असं पोरीले बजावून ठेवलतं."

मी माझी रिकामी पत्रावळ दुमडून ठेवली.

"ते माहे उत्तरं," ते म्हणाले. "तिनं खरंच काढली होती का?"

"हो."

"आता पुन्हा घालता येत नाही काय?"

"प्रबंध बांधून झाला, काका. परीक्षाही झाली. आता नाही होत."

त्यांनी पत्रावळीकडे पाहिलं. भात बोटांनी एका बाजूला ओढला.

"बरं," ते म्हणाले. "मंग राहू दे."

दुसऱ्या पंगतीसाठी जागा झाडायला माणसं येऊन थांबली होती. आम्हाला बसलेलं पाहून ती मागेच उभी राहिली. देवरावांनी पुढचा घास घेतला. एवढ्या मोठ्या मांडवात खाली बसलेले आम्ही दोघंच होतो.